ग्लस्टरच्या सगळ्या ब्रिक चालू, तरी हीलची यादी रिकामी का होत नाही?

लक्षण असं असतं. तीन सर्व्हर आणि त्यांवर ग्लस्टरएफएसचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा बनवणारी फाइलसिस्टिम) रेप्लिका ३ व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्येक फायलीच्या तीन प्रती ठेवणारा साठा. 'ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस' चालवलं की प्रत्येक ब्रिकपुढे (सर्व्हरवरची एक प्रत जिथे राहते ती डिरेक्टरी) 'वाय', म्हणजे चालू. सेल्फ-हील डीमन (मागे पडलेल्या प्रती आपोआप पुऱ्या करणारी प्रोसेस) तिन्हीकडे चालू, पीअर म्हणजे बाकीचे सर्व्हर जोडलेले, डिस्कवर जागा भरपूर. तरीही 'हील इन्फो'मध्ये, म्हणजे प्रत पुरी व्हायची राहिलेल्या फायलींच्या यादीत, शे-दोनशे फायली पडून. थोड्या वेळानं बघावं तर आकडा उतरलेला, आणि आणखी थोड्या वेळानं पुन्हा पहिल्याइतका. यादीतली नावं मात्र दर वेळी वेगळी.

मग कोणी 'हील फुल' चालवतं, कोणी ग्लस्टरडी (सर्व्हरवरची ग्लस्टरची व्यवस्थापक प्रोसेस) रीस्टार्ट करतं. आकडा उतरतो, तक्रार बंद होते आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार नव्यानं उघडते. ही पोस्ट या दुखण्यासाठी आहे. याचं मूळ बहुतेक वेळा सर्व्हरवर नसतंच. सगळे तिथेच शोधतात, म्हणून ते महिनोन्‌महिने सापडत नाही.

(कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची. व्हॉल्यूमचं नाव 'दप्तर' आणि सर्व्हरची नावं साठा-१, साठा-२, साठा-३ अशी धरली आहेत.)

आधी एक गैरसमज दूर करतो. आकडा उतरतो तो रीस्टार्टमुळे नव्हे. सेल्फ-हील डीमन दर ६०० सेकंदांनी प्रलंबित फायलींची अनुक्रमणिका चाळतोच, 'क्लस्टर.हील-टाइमआउट'ची मूळ किंमतच तेवढी आहे. तुम्ही काहीही केलं नसतं तरी ती यादी खाली आली असती. 'हील फुल' तर अनुक्रमणिका बाजूला ठेवून अख्खी ब्रिक चाळतं. लाखो लहान फायली असलेल्या व्हॉल्यूमवर भर कामाच्या वेळी ते चालवलं की डिस्कवर विनाकारण भार पडतो आणि मूळ कारणाला धक्काही लागत नाही. जुनी बाकी फिटत असताना नवी बाकी कोण तयार करतंय, हे शोधायला हवं.

प्रती नेमक्या कोण लिहितं

ग्लस्टरमध्ये फायलीच्या तीन प्रती सर्व्हर बनवत नाहीत. व्हॉल्यूम माउंट केलेला क्लायंट तिन्ही ब्रिकशी स्वतः थेट जोडलेला असतो आणि तिन्हीकडे तोच लिहितो. प्रती राखणारा एएफआर हा थर क्लायंटच्या प्रोसेसमध्येच चालतो. तुमचे लोक एनएफएस-गनेशा किंवा साम्बातून (नेटवर्कवरून फायली पुरवणारे प्रोग्राम) ग्लस्टरच्या लायब्ररीमार्फत फायली वापरत असतील, तर गनेशा किंवा साम्बा चालणारं मशीन हाच ग्लस्टरच्या दृष्टीनं क्लायंट.

एका कारकुनानं तीन खोल्यांतल्या तीन वह्यांमध्ये एकच नोंद करायची आहे असं समजा. तिसऱ्या खोलीचं दार त्याच्या बाजूनं बंद आहे. तो दोन वह्यांत नोंद करतो आणि शेजारी खूण करतो, 'तिसरीत राहिलं.' थोड्या वेळानं दुसरा माणूस येतो, त्याच्याकडे तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या आहेत. खुणा पाहून तो तिसरी वही पुरी करतो आणि खुणा खोडतो. हा दुसरा माणूस म्हणजे सर्व्हरवरचा सेल्फ-हील डीमन. त्याला विचाराल तर तिन्ही खोल्या उघड्याच आहेत. तुमचं 'व्हॉल्यूम स्टेटस'ही सर्व्हरच्याच बाजूनं पाहतं, म्हणून तिथे सगळीकडे 'वाय' दिसतं.

ॲप्लिकेशनला याचा पत्ताही लागत नाही. रेप्लिका ३ मध्ये 'क्लस्टर.क्वोरम-टाइप' (क्वोरम म्हणजे लिहिण्यासाठी लागणारं किमान संख्याबळ) ऑटो असतं. तीनपैकी दोन ब्रिक मिळाल्या की लिहिणं यशस्वी. एरर नाही, वापरणाऱ्यांची तक्रार नाही. पण हा क्लायंट आधीच दोन प्रतींवर चाललेला असतो. एखाद्या रविवारी पॅच टाकण्यासाठी तुम्ही दुसराच सर्व्हर बंद करता आणि याच्या हाती एकच ब्रिक उरते. क्वोरम जातं, याचं लिहिणं थांबतं, बाकीच्या क्लायंटना काहीच होत नाही. 'एकच सर्व्हर बंद केला होता, रेप्लिका ३ असताना ॲप्लिकेशन पडलंच कसं?' या प्रश्नाचं उत्तर त्या रविवारच्या कामात सापडणार नाही. आठवडेच्या आठवडे शून्यावर न आलेल्या त्या हीलच्या यादीत ते केव्हापासून लिहिलेलं होतं. म्हणून या यादीकडे 'होईल आपोआप' म्हणून पाहणं मला मान्य नाही.

यादी कुठल्या ब्रिकखाली छापली आहे?

'ग्लस्टर व्हॉल्यूम हील दप्तर इन्फो' ही कमांड सगळे चालवतात, पण तिचा अर्थ निम्मे लोक उलटा लावतात. एखाद्या ब्रिकखाली फायलींची नावं आली म्हणजे ती ब्रिक आजारी, असं नाही. आपल्याकडची प्रत पुरी आहे पण दुसऱ्या कोणाची तरी राहिली आहे, असं ती ब्रिक सांगत असते. साठा-१ आणि साठा-२ खाली दीडशे-दीडशे नावं आणि साठा-३ खाली शून्य असेल, तर मागे पडलेली ब्रिक साठा-३ ची आहे. जिथे शून्य दिसतं तिकडे आधी बघा.

खात्री करायची तर यादीतली एक फाइल घ्या आणि साठा-१ वर, माउंटमधून नव्हे तर थेट ब्रिकमध्ये, तिचे एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट पाहा:

गेटफॅटर -डी -एम . -ई हेक्स /ब्रिक/दप्तर/पावत्या/११८.पीडीएफ

त्यात अशी एक ओळ मिळेल:

ट्रस्टेड.एएफआर.दप्तर-क्लायंट-२=०एक्स०००००००५००००००००००००००००

'क्लायंट-२' म्हणजे दुसरा क्लायंट नव्हे. मोजणी शून्यापासून असल्यामुळे ती तिसरी ब्रिक. पुढचे चोवीस आकडे आठ-आठच्या तीन गटांत वाचायचे. पहिला गट फायलीच्या मजकुराचा, दुसरा मेटाडेटाचा, तिसरा डिरेक्टरीतल्या नोंदींचा. इथे पहिल्या गटात ५ आहे. म्हणजे मजकुराशी संबंधित पाच क्रिया इथे झाल्या, पण तिसऱ्या ब्रिकवर झाल्याची पोच मिळाली नाही. साठा-२ वरही हीच ओळ असेल तर दोघी मिळून तिसरीकडे बोट दाखवत आहेत आणि तुमचं निदान अर्धं झालं. साठा-३ वरची प्रत मात्र उलट साठा-१ किंवा साठा-२ ला दोष देत असेल, तर तो स्प्लिट-ब्रेन, म्हणजे कुठली प्रत खरी यावर प्रतींचंच एकमत नाही. त्याचा इलाज वेगळा आहे, पुढे येतोच.

वाचण्याच्या नादात ब्रिकमधल्या फाइलला हात लावू नका. ब्रिकमध्ये थेट लिहिलेलं किंवा पुसलेलं एएफआरच्या हिशेबात येत नाही.

आता क्लायंटवर चला

मागे पडलेली ब्रिक कळली. तिच्याशी कुठला क्लायंट जोडलेला नाही, हे शोधायचं आहे. सर्व्हरवरून 'ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस दप्तर क्लायंट्स' चालवा. प्रत्येक ब्रिकखाली तिच्याशी जोडलेल्या मशीनची यादी येते. पहिल्या दोन ब्रिकच्या यादीत असलेला आणि तिसरीच्या यादीत नसलेला पत्ता शोधा. पाच-दहा क्लायंट असतील तर हे नुसत्या डोळ्यांनी होतं.

मग त्या क्लायंटवर जा. ग्लस्टरच्या प्रत्येक फ्यूज माउंटच्या मुळाशी '.मेटा' नावाची एक आभासी डिरेक्टरी असते. 'एलएस'मध्ये ती दिसत नाही, पण नाव देऊन उघडता येते:

ग्रेप -डब्ल्यू कनेक्टेड /एमएनटी/दप्तर/.मेटा/ग्राफ्स/ॲक्टिव्ह/दप्तर-क्लायंट-*/प्रायव्हेट

क्लायंट-० पुढे कनेक्टेड = १, क्लायंट-१ पुढे १ आणि क्लायंट-२ पुढे ०. ते शून्य दिसलं की शोध संपला. माझ्या मते ग्लस्टरच्या देखरेखीत इतका मोलाचा दुसरा आकडा नाही, आणि बहुतेक डॅशबोर्डवर नेमका तोच नसतो.

शून्य का आहे ते त्याच मशीनच्या /व्हार/लॉग/ग्लस्टरएफएस मध्ये, माउंटच्या नावाच्या लॉगमध्ये मिळतं. तिथे साठा-३ च्या पत्त्यापुढे एखादा पोर्ट नंबर आणि 'नो रूट टू होस्ट' असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं असेल, तर राउटिंगवाल्यांकडे धावू नका. त्याच साठा-३ ला पिंग जातो, एसएसएच होतं. फायरवॉलडी (लिनक्सवरची फायरवॉल सेवा) एखादं कनेक्शन आयसीएमपीचा निरोप देऊन नाकारतो तेव्हा लिनक्स ते याच शब्दांत सांगतं. पॅकेट गुपचूप टाकून दिलं जात असेल तर त्याऐवजी 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसतं. दोन्हींचा अर्थ एकच, ब्रिकचा पोर्ट या मशीनसाठी बंद आहे.

काल चालणारा पोर्ट आज बंद कसा?

क्लायंट आधी ग्लस्टरडीशी २४००७ वर बोलतो, तिथून व्हॉल्यूमची रचना घेतो आणि कुठली ब्रिक कुठल्या पोर्टवर आहे ते विचारतो. मग त्या पोर्टवर ब्रिकशी थेट जोडणी करतो. २४००७ उघडा आणि ब्रिकचा पोर्ट बंद असला तरी माउंट होतंच, कारण बाकी दोन ब्रिक मिळालेल्या असतात.

पूर्वी ब्रिकना ४९१५२ पासून चढत्या क्रमानं पोर्ट मिळत. म्हणून व्हॉल्यूम उभारताना फायरवॉलमध्ये ४९१५२ पासून पुढचे दहा-वीस पोर्ट उघडायचे, अशी पद्धत पडली. २०२१ च्या अखेरीस आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ब्रिक सुरू होताना पोर्ट यादृच्छिकपणे निवडला जातो आणि त्याचा पट्टा मूळ सेटिंगप्रमाणे ६०९९९ पर्यंत जातो. अपग्रेड करताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण साठ्याचे सर्व्हर आपसात मोकळेपणानं बोलतात आणि अडतात ते दुसऱ्या व्हीलॅनमधले (नेटवर्कच्या वेगळ्या भागातले) क्लायंट. सर्व्हर रीबूट झाला की ब्रिकला नवा पोर्ट. कधी तो जुन्या नियमात बसतो, बहुतेकदा बसत नाही. दुखणं एका सर्व्हरवर दिसतं, पुढच्या रीबूटनंतर दुसऱ्यावर जातं आणि मधेच गायबही होतं. त्यामुळेच लोक याला नेटवर्कचा लहरीपणा समजतात.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे क्लायंटच्या व्हीलॅनकडून साठ्याच्या तिन्ही सर्व्हरकडे ४९१५२ ते ६०९९९ हा सगळा पट्टा उघडणं. क्लायंट पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न करतच असतो, त्यामुळे बऱ्याचदा माउंट सोडून पुन्हा करायचीही गरज पडत नाही.

सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांना एवढा मोठा पट्टा मान्य नसेल तर /ईटीसी/ग्लस्टरएफएस/ग्लस्टरडी.व्हीओएल मध्ये 'मॅक्स-पोर्ट' कमी करा. समजा ४९२५१ केला, तर शंभर पोर्ट मिळतात. तेवढेच फायरवॉलमध्ये उघडा आणि तिन्ही सर्व्हरवर आकडा सारखा ठेवा. नुसता ग्लस्टरडी रीस्टार्ट करून भागत नाही, कारण चालू ब्रिक आपल्या जुन्याच पोर्टवर राहते. स्टेटसमधला पीआयडी पाहून ती प्रोसेस थांबवावी लागते आणि 'ग्लस्टर व्हॉल्यूम स्टार्ट दप्तर फोर्स' देऊन पुन्हा उठवावी लागते.

हे काम कुठल्या सर्व्हरपासून सुरू करायचं याला फार महत्त्व आहे. क्लायंटना जी ब्रिक मिळत नाही तिच्यापासूनच सुरू करा, आपल्या उदाहरणात साठा-३. साठा-१ पासून सुरुवात केलीत तर त्या क्लायंटकडे एकच ब्रिक उरेल आणि ॲप्लिकेशन तुमच्याच हातून बंद पडेल. साठा-३ उठली, क्लायंटवर तिन्हीकडे कनेक्टेड = १ दिसलं, हीलचा आकडा शून्य झाला, की मगच पुढचा सर्व्हर. वेगवेगळे क्लायंट वेगवेगळ्या ब्रिकला मुकलेले असतील तर आधी तात्पुरता सगळा पट्टा उघडा, यादी रिकामी होऊ द्या आणि नंतर आवळा.

ठरावीक वेळी येणारी यादी

पोर्ट उघडे आहेत, कनेक्टेड एरवी १ असतं, पण रोज रात्री एकाच सुमाराला यादी फुगते. अशा वेळी क्लायंटच्या लॉगमध्ये सर्व्हरनं गेल्या ४२ सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून जोडणी तोडतोय, अशा अर्थाची ओळ शोधा. ४२ ही 'नेटवर्क.पिंग-टाइमआउट'ची मूळ किंमत. ब्रिकचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल आणि बॅकअपच्या स्नॅपशॉटसाठी ते गोठवलं जात असेल, तर हा मुख्य संशयित. वेळा जुळवून पाहा. टाइमआउट पाच-दहा सेकंदांवर आणायचा मोह होतो, तो टाळा. जोडणी तुटली की उघड्या फायली आणि लॉक पुन्हा उभे करावे लागतात, ते महाग पडतं आणि किरकोळ अडथळ्यालाही तुटातूट सुरू होते. बॅकअपची पद्धत बदलणं हा खरा उपाय.

नावं तीच राहत असतील तर

यादीत दर वेळी त्याच फायली दिसत असतील तर दुखणं वेगळं आहे. आधी 'हील दप्तर इन्फो स्प्लिट-ब्रेन' पाहा. तिथे नावं असतील तर 'लेटेस्ट-एमटाइम', 'बिगर-फाइल' किंवा 'सोर्स-ब्रिक' यांपैकी एक मार्ग निवडून प्रत ठरवावी लागते. कुठली प्रत खरी हे फाइल वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. डेटाबेसच्या फाइलची मोठी प्रत म्हणजे बरोबर प्रत असं मुळीच नाही.

स्प्लिट-ब्रेन नसेल तर मागे पडलेल्या ब्रिकची जागा आणि आयनोड (प्रत्येक फायलीसाठी फाइलसिस्टिमला लागणारी नोंद) दोन्ही पाहा, 'डीएफ' आणि 'डीएफ -आय'. तिसऱ्या पूर्ण प्रतीऐवजी आर्बिटर ब्रिक असेल तर आयनोड आधी. आर्बिटर ब्रिकवर नुसती नावं आणि मेटाडेटा असतो, म्हणून तिला छोटी डिस्क देतात. पण फायलींची संख्या तिथेही तेवढीच असते. एक्सएफएस एक टेराबाइटखालच्या डिस्कवर आयनोडसाठी जास्तीत जास्त २५ टक्के जागा देतं. जागा रिकामी दिसते आणि नवी फाइल होत नाही. 'आयमॅक्सपीसीटी' वाढवून ठेवणं बरं.

रीबूटनंतर ब्रिक उठतच नसेल तर ब्रिकची फाइलसिस्टिम माउंट झाली आहे का, एवढं पाहा. रिकाम्या डिरेक्टरीवर व्हॉल्यूम-आयडीचा ॲट्रिब्यूट नसतो, म्हणून ग्लस्टर ब्रिक सुरू करायला नकार देतं. तो ॲट्रिब्यूट हातानं लावून ब्रिक उठवू नका, नाहीतर सगळा डेटा रूट डिस्कवर हील व्हायला लागेल.

देखरेख कशी लावावी

ग्लस्टर कंपनी २०११ मध्ये रेड हॅटनं घेतली, पण त्यांच्या ग्लस्टर स्टोरेज या उत्पादनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. मूळ मुक्त प्रकल्प आहे आणि व्हॉल्यूम चालूही आहेत, मात्र फोन करायला आता रेड हॅट नाही. देखरेख नीट असणं आता जास्तच गरजेचं आहे.

सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी 'स्टॅटिस्टिक्स हील-काउंट' पुरतं. 'हील इन्फो' प्रत्येक फाइल तपासतं, लॉक घेतं, म्हणून ते तासातून एकदाच. इशारा ठरवताना तासातला सर्वांत मोठा आकडा धरू नका, सर्वांत छोटा धरा. कामाच्या व्हॉल्यूमवर आकडा वरखाली होणारच. पण तासाभरात तो एकदाही शून्याला टेकला नाही, तर कोणीतरी सतत नवी बाकी तयार करतंय.

स्क्रिप्ट लिहिताना एक जागा सांभाळा. ब्रिक बंद असेल तर 'हील इन्फो' तिच्यापुढे आकडा न देता नुसती '-' छापतं. बऱ्याच स्क्रिप्ट त्या रेघेला शून्य समजतात, म्हणजे नेमकी ब्रिक बंद पडली की आलेख सुधारलेला दिसतो. आकडा नसेल तर तो इशाराच धरा.

क्रॉन (ठरावीक वेळी कमांड चालवणारी सोय) तिन्ही सर्व्हरवर एकाच मिनिटाला लावू नका. स्टेटसच्या कमांड व्हॉल्यूमवर लॉक घेतात आणि मग 'अनदर ट्रान्झॅक्शन इज इन प्रोग्रेस' असं म्हणून एकमेकींना अडवतात. एकाच सर्व्हरवरून चालवा, '--एक्सएमएल' लावून उत्तर घ्या आणि तो सर्व्हरच बंद असल्यास काय, त्यासाठी दुसऱ्यावर वेळ पुढेमागे करून ठेवा.

आणि प्रत्येक क्लायंटवर '.मेटा'तला कनेक्टेड. त्यासाठी लॉक लागत नाही, भार पडत नाही, म्हणून दर मिनिटाला वाचला तरी चालतो. सलग दोन वेळा ० आला की लगेच इशारा, दिवस असो की रात्र.

इशारे लावून झाले की ते खरोखर वाजतात का ते पाहा. चाचणीच्या एका क्लायंटवरून साठा-३ च्या ब्रिकचा सध्याचा पोर्ट आयपीटेबल्सनं बंद करा, पॅकेट टाकून देणारा नियम लावून. ४२ सेकंदांनंतर कनेक्टेड ० झाला पाहिजे. मग माउंटवर दोन-चार फायली लिहा. साठा-१ आणि साठा-२ खाली त्यांची नोंद आली पाहिजे आणि सर्व्हरच्या स्टेटसमध्ये मात्र सगळीकडे 'वाय'च दिसलं पाहिजे. इशारा तुमच्या फोनवर पोचला की नियम काढा.